सुटे आहेत का?

बँकेच्या काउंटरमागे बसून मला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "सुटे आहेत का?" ठेवीवर व्याज किती असं विचारणारे थोडे, तुमची शाखा बंद होणार हे खरं का असं विचारणारे त्याहून जास्त, पण सुटे विचारणारे सगळेच. आणि बावीस वर्षं मी मान वर न करता एकच उत्तर देत आलो आहे, "नाहीत."

आता तुम्हाला म्हणून सांगतो, सुटे असतात. पण 'नाहीत' म्हणण्यात एक सुख आहे. कारकुनाच्या आयुष्यात सत्ता गाजवण्याचे प्रसंग येऊन येऊन किती येणार? घरी सौ. आहे, बँकेत मॅनेजर आहे. उरता उरलं गिऱ्हाईक.

गेल्या वर्षी मात्र नियतीने माझं खातं बरोबर तपासायला घेतलं. वर्षभर मी पुण्याच्या पेठापेठांतून आणि शेवटी मुंबईच्या चोर बाजारातून, "सुटे आहेत का?" असं विचारत हिंडलो आणि जिथे जाईन तिथे लोकांनी मान वर न करता मला सांगितलं, "नाहीत." फरक इतकाच, की मला हवे होते ते सुटे भाग. चावीच्या ग्रामोफोनचे.

हा ग्रामोफोन आमच्या आजोबांचा. हिज मास्टर्स व्हॉइसचं १०१ नंबरचं पोर्टेबल मॉडेल. १९२५ साली ते बाजारात आलं आणि १९३१ साली त्याच्या जागी १०२ आलं, तेव्हा १०१ जुनं झालं. जुनं झाल्यावर ते आजोबांना परवडलं. दिसायला काळी पेटी, वर कडी, बाजूला चावी. कर्णा बाहेर नाही, आत लपवलेला. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येण्याजोगं असं कंपनीचं म्हणणं. ते मी मिरजेहून पुण्याला एसटीने आणलं, तेव्हापासून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.

मिरजेचं घर गेल्या वर्षी विकलं. माळा रिकामा करताना हे धूड खाली आलं. दादाला नागपूरला फोन केला, तर तो म्हणाला, "भंगारात दे." मी कॉमर्सचा विद्यार्थी. घसारा म्हणजे काय ते मला कळतं. कुठल्याही वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करत न्यायची. पण त्यातल्या एका पद्धतीत गंमत अशी असते, की आकडा कितीही बारीक झाला तरी शून्य होत नाही. शंभर वर्षं घासा, काहीतरी शिल्लक राहतंच. मी दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, ठेव," आणि फोन बंद केला.

खरं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही काही आमच्या दादाला भेटणार नाही.

१९८७ सालचा मे महिना. मी आठ वर्षांचा, दादा बारा. सुट्टीत आम्ही मिरजेला. आजोबा गणिताचे मास्तर, त्यामुळे ग्रामोफोनलाही गणित. चावीचे फेरे पंचवीस. चोवीस नाहीत आणि सव्विसावा तर नाहीच नाही. तबकडीची एक बाजू वाजते तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढं वाजून वर थोडा जीव उरला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मग सुई बसवायची, ब्रेक काढायचा आणि हिराबाई बडोदेकर गाऊ लागायच्या. हिराबाईंचा जन्म मिरजेतला, १९०५ सालचा. त्यामुळे आजोबा त्यांच्याबद्दल अशा थाटात बोलत, की शेजारच्या वाड्यातली मुलगी जरा गायला बसली आहे.

त्या दुपारी आजोबा झोपले होते. मी पेटीपाशी एकटा. मोठ्याने मोजत पंचवीस फेरे दिले. आता, आठ वर्षांच्या मुलाला पंचविसानंतर सव्वीस येतात हे ठाऊक असतं आणि ते सिद्ध करून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. मी मोठ्याने "सव्वीस" म्हटलं आणि पेटीच्या पोटात 'खाड्' असा आवाज झाला. चावी एकदम हलकी झाली. नुसतीच गरागरा फिरायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दादा कैरीची फोड खात आला. मी चावी त्याच्या हातात दिली, "जरा धर" म्हटलं आणि परसात निघून गेलो. परसात मी बराच वेळ होतो. परत आलो तेव्हा तपास, सुनावणी, निकाल आणि अंमलबजावणी सगळं उरकलं होतं. बाबांच्या पायात कोल्हापुरी चपला असत. त्यातली एक अजून त्यांच्या हातात होती.

आजोबा कोणालाच काही बोलले नाहीत. त्यांनी झाकण लावलं, दोन्ही कड्या बसवल्या. बाबा म्हणाले, "दुरुस्त करून आणू." आजोबा म्हणाले, "आता पार्ट मिळत नाहीत." एवढंच. पुढे ते ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी सांगली ऐकत. १९९१ साली गेले. तोवर ती पेटी कोणी उघडली नाही.

तर, पार्ट मिळतात की नाही एवढं मला बघायचं होतं.

सुरुवात आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडून केली. हातात घड्याळ घालणारी माणसं कमी झाल्यापासून त्यांना वेळच वेळ असतो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पेटी उघडली आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर जसे पडद्याकडे बघून नुसतं 'हं' म्हणतात तसं चार वेळा 'हं' म्हटलं. मग यादी सांगितली. मुख्य स्प्रिंगचे तीन तुकडे. गव्हर्नरची एक पट्टी तुटलेली. साऊंडबॉक्समधला अभ्रक तडकलेला, रबर दगड झालेलं, सुई आवळायचा स्क्रू गायब. "बाकी?" मी विचारलं. "बाकी उत्तम आहे," ते म्हणाले, "पेटीला कडी चांगली आहे."

मुख्य स्प्रिंगपासून सुरुवात करायची माझी छाती नव्हती. मी सोप्याकडून अवघडाकडे जायचं ठरवलं. परीक्षेत हेच करून मी बी.कॉम. झालो.

रबर सोपं निघालं. साऊंडबॉक्स म्हणजे रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठी अशी एक डबी. तिच्यात अभ्रकाची चकती दोन रबरी कड्यांच्या मध्ये सँडविचसारखी धरलेली असते. सुई खाचेतून जाताना डुगडुगते, ती डुगडुग एका दांडीवाटे चकतीच्या मधोमध पोचते, चकती थरथरते आणि त्या थरथरीला आपण हिराबाई म्हणतो. वीज नाही, बॅटरी नाही. पण रबर दगड झालं की चकती थरथरत नाही, खडखडते. या कड्यांना लागणारी बारीक पोकळ नळी म्हणजे आपल्या सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, हे घड्याळजींचं संशोधन. सायकलवाल्याने विचारलं, "कुठली सायकल?" मी म्हटलं, "सायकल नाही, हिज मास्टर्स व्हॉइस." तो म्हणाला, "इंपोर्टेड असेल तर नाही बसायची." बसली. फूटभर घेतली, त्यात अजून दोन ग्रामोफोन होतील.

अभ्रकाने मात्र माझा अंत पाहिला. प्रथम मी रविवार पेठेत एका काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. "अभ्रक आहे का?" म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "शतपुटी की सहस्रपुटी?" मी म्हटलं, साधा चालेल, दोन इंचांचा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि भस्माची पुडी हातात देत म्हणाले, "मधातून घ्या. झोप लागेल."

तिथून तपकीर गल्ली. इस्त्रीच्या आत तार गुंडाळायला अभ्रक असतो हे मला आठवत होतं. दुकानदाराने तत्परतेने विचारलं, "किती वॅटची इस्त्री?" "इस्त्रीसाठी नाही," मी म्हटलं, "गाण्यासाठी हवा आहे." माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस एक पाऊल मागे सरकला. शिवाय हल्ली इस्त्रीत येतो तो बहुतेक अभ्रकाचा चुरा गोंदात दाबून केलेला. त्याने कपड्याची घडी मोडते, पण सूर उमटत नाही. खरा अभ्रक, आरपार दिसणारा, मला शेवटी एका म्हाताऱ्या वायंडिंगवाल्याकडे सापडला. त्याच्या कपाटात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. "कोडरम्याचा माल आहे," तो म्हणाला, "बिहारचा." कोडरमा २००० सालापासून झारखंडात गेलं, पण अभ्रकाला ते कोणी कळवलं नसावं.

आता त्या अभ्रकाचे पदर सोडवायचे. ब्लेडचं टोक कडेला घालून हळूच उचकटायचं, की पापुद्रा सुटतो. खाजाचे पदर सुटावेत तसा. जाड राहिला तर आवाज घुसमटतो, पातळ झाला तर किंचाळतो. मग कात्रीने गोल कापायचा आणि बरोबर मध्यावर सुईच्या दांडीच्या इवल्याशा स्क्रूसाठी भोक पाडायचं. इथे पाच चकत्या माझ्या हातून शहीद झाल्या. सहावी वाचली. तिच्या मध्यावर सांधा बुजवायला मेणाचा थेंब लागतो. मेण मधमाशीचंच हवं, मेणबत्तीचं चालत नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. त्यांनी ओळखलं. "लागली का झोप?" म्हणाले.

सुईच्या स्क्रूसाठी लेथवाल्याकडे गेलो. नमुना दाखवला. "क्वांटिटी?" तो म्हणाला. "एक." "एक हजार?" "नाही, एक." त्याने मशीन बंद केलं. आमच्या बँकेत रुपयाच्या नाण्यात रक्कम भरायला कोणी आलं, की माझा चेहरा जसा होतो तसा त्याचा झाला. त्यात त्या स्क्रूचे आटे जुन्या इंग्रजी पद्धतीचे, ज्याला बी.ए. आटे म्हणतात. मी बी.कॉम., स्क्रू बी.ए. दोघांनाही आता कोणी विचारत नाही, असं मी म्हटलं. यावर तो हसला आणि स्क्रू करून दिला. विनोदाने माझं काही भलं झाल्याची ही माझ्या आयुष्यातली एकमेव नोंद.

गव्हर्नरबद्दल मला जातीचा जिव्हाळा. बँकवाला ना! रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर करतो तेच काम हा करतो : वेग आवरण्याचं. तीन पट्ट्यांवर तीन वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासते, की वेग पुन्हा ताळ्यावर. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. तुटलेली पट्टी घड्याळजींनी गजराच्या जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगमधून कापून केली. कडक पोलादाला भोक पडत नाही, म्हणून टोकं आधी दिव्यावर तापवून मऊ करून घेतली. चामडं झिजलं होतं, तो तुकडा कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी दिला. कशाचा आहे विचारलं, तर म्हणाले, "कोल्हापुरीचा." आमच्या घरात वेग आवरायला पूर्वीपासून तेच वापरतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

हे सगळं होईपर्यंत चार महिने गेले. सौ. एक शब्द बोलली नव्हती. जेवणाच्या टेबलावर वाटीत अभ्रक, मिठाच्या बरणीशेजारी वजनं. एक दिवस तिने शांतपणे विचारलं, "अहो, हे वाजलं की बंद होईल ना?" त्या प्रश्नाचा अर्थ मी अजून शोधतो आहे.

मग उरली मुख्य स्प्रिंग. इंचभर रुंदीची पोलादी पट्टी, गुंडाळून एका डबीत कोंबलेली. उलगडली तर आमच्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचेल. बाहेरच्या टोकापाशी तुटली असती तर टोक तापवून, नवं भोक पाडून पुन्हा अडकवता आली असती. आमची मध्येच तुटलेली. म्हणजे काम संपलं. इंग्लंडात अजून नव्या बनवून देतात, पण टपालखर्च आणि कस्टम धरून जो आकडा झाला तो मी कागदावर लिहिला आणि सौ.च्या नजरेस पडू नये म्हणून कागद गिळायच्या बेतात होतो.

दुकानांच्या रोलिंग शटरमध्ये पट्टीच्या स्प्रिंगा असतात. त्या बनवणारा एकजण भोसरीत भेटला. "शटर केवढं?" म्हणाला. मी पेटी दाखवली. "एवढं छोटं दुकान?" तरीही त्याने हौसेने पातळ पट्टी आणून स्प्रिंग वळून दिली. ती मी घरी बसवायला घेतली. इथे एक सूचना. ज्यांना स्वतःच्या दहाही बोटांचं प्रेम आहे त्यांनी हे करू नये. स्प्रिंग डबीत जाता जाता माझ्या हातातून सुटली. एका झेपेत तिने ट्यूबलाइट फोडली, पडदा उभा चिरला आणि मुलाच्या दहावीच्या टेबलावर जाऊन निपचित पडली. मुलगा म्हणाला, "बाबा, यूट्यूबवर आहेत हो या हिराबाई. फुकट."

दुसऱ्या प्रयत्नात घड्याळजींच्या हातून ती बसली. वंगणासाठी मी मुलाच्या पेन्सिलींची शिसं कुटून ठेवली होती, ती त्यांनी फेकून दिली. "पेन्सिलीत माती असते, घासून जाईल. ग्रॅफाइट आणि व्हॅसलीन आणा." आणलं. पंचवीस फेरे दिले. तबकडी लावली. आणि छातीत धडधड घेऊन आम्ही ऐकू लागलो. सुरुवातीला हिराबाई होत्या. मिनिटाभरात त्यांच्या जागी कोणी बुवा आले. आणखी अर्ध्या मिनिटाने बुवाही थकले आणि मग पेटीच्या तळातून नुसतं कोणीतरी हुंकार देत राहिलं. स्प्रिंगला दम नव्हता. "पोलादाला पाणी नीट बसलं नाही," घड्याळजी म्हणाले. पोलादाला पाणी देणं ही शटरवाल्याची नाही, स्प्रिंगवाल्याची कला. घड्याळजींनी भिंग काढलं. "आता एकच. मेलेल्या मशीनची स्प्रिंग काढून आणा. चोर बाजार."

महिन्याचा दुसरा शनिवार बँकेला सुट्टी. डेक्कन क्वीन पकडली आणि खिशात तुटक्या स्प्रिंगचे तुकडे घेऊन मटण स्ट्रीटवर उतरलो. तिथे पाहतो तर ग्रामोफोनच ग्रामोफोन! पितळी कर्णे सूर्यफुलांसारखे फुललेले. मला भरून आलं. जवळ गेलो. पेट्यांना पॉलिशचा ताजा वास. बिल्ल्यावरच्या कुत्र्याची शेपटी छापताना कापली गेलेली. एका दुकानाच्या पायरीवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा साऊंडबॉक्स पुसत बसले होते. "असली आहे?" मी विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मी घेणाऱ्यातला नाही हे त्यांनी ओळखलं असावं, कारण ते खरं बोलले. "साहब, डिब्बा नया, भोंगा नया. अंदर का दिल असली है."

म्हणजे असं : कर्ण्याचा ग्रामोफोन हॉटेलवाल्यांना हवा, बंगलेवाल्यांना हवा, सिरियलवाल्यांना हवा. आमच्या काळ्या पेटीला कोणी विचारत नाही. मग काळ्या पेट्या भंगारातून आणायच्या, त्यांच्या पोटातलं मशीन आणि नळी काढायची आणि नव्या लाकडी खोक्यात, नव्या कर्ण्याखाली बसवायची. झाली अँटिक! मला राग आला. पण रागावून तरी काय करणार? तो कुत्रा ज्या चित्रातला आहे, त्या फ्रान्सिस बरॉच्या चित्रातसुद्धा कुत्र्यापुढे आधी सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९ साली कंपनीने चित्र घेताना सांगितलं, आमचं मशीन काढून द्या. चित्रकाराने जुन्यावर रंग फासून नवा ग्रामोफोन काढून दिला. म्हणजे मुळातच पार्ट बदललेला. कुत्रा तेवढा ओरिजिनल.

मी पुडी सोडून तुकडे पुढे केले. चाचांनी ते हातात घेतले, टोकावर अंगठा फिरवला. का कोण जाणे, अडतीस वर्षांत जे सख्ख्या भावाला सांगितलं नाही ते मी त्या पायरीवर मोडक्या हिंदीत बोलून गेलो. "बचपन में मैंने एक चक्कर जादा दिया था. सव्वीसवाँ." हिंदीत सव्विसाव्याला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

चाचा हसले. मोठ्याने. आतून मुलाला हाक मारून म्हणाले, "देख, एक और आया." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहब, जो टूटी स्प्रिंग लेके आता है, यही बोलता है. चक्कर से नहीं टूटती. पूरी भर गई तो हँडल रुक जाता है, बस. ये टूटती है उमर से. ग्रीस सूखा, जंग लगा, रोज़ का मुड़ना-खुलना. जिस दिन टूटनी थी, टूट गई. आप चक्कर नहीं देते, तो शाम को दादाजी के हाथ में टूटती."

मी पायरीवर बसलो. समोरच्या दुकानात कोणीतरी झुंबर उतरवत होतं, ते बघत राहिलो. चाचांनी न विचारता चहा मागवला.

एका नव्या अँटिकसाठी राखून ठेवलेलं १०१ चं मशीन त्यांनी खोक्यातून काढलं. त्यातली स्प्रिंग द्यायला ते तयार नव्हते. "ये लगेगा तो भोंगेवाला बिकेगा. आपको दूँ तो मेरा एक भोंगा गूँगा." घासाघीस झाली. शेवटी अठराशे रुपयांवर आले आणि तेही वर एक अट घालून : वाजल्यावर फोनवरून ऐकवायचं. मी पाचशेच्या चार नोटा दिल्या. चाचा म्हणाले, "छुट्टे हैं?" माझ्या तोंडून सवयीने "नाहीत" निघणार होतं. पण मी खिसा उलटा करून मोजून अठराशे दिले. बँकेतल्या कोणाला सांगू नका.

ती स्प्रिंग बसली. सुया जुन्या बाजारातल्या, हिज मास्टर्स व्हॉइसच्याच पत्र्याच्या डबीतल्या. दर बाजूला नवी सुई हा नियम आहे. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते, ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, त्यानंतर घासलेली सुई खाचेला खाते. आमचे आजोबा एका सुईवर पाच बाजू काढत. सुया संपल्या की बाभळीचा काटा लावत. त्या काळात वस्तू फेकण्याआधी तिची हयात विचारली जायची.

जानेवारीत एका लग्नासाठी दादा-वहिनी पुण्याला आले. रात्री जेवणं झाल्यावर मी पेटी काढली. आई अठ्ठ्याहत्तरची, ऐकायला जरा कमी येतं, तिला जवळ खुर्ची दिली. आणि मी घसा साफ करून सगळं सांगून टाकलं. सव्विसावा फेरा, कैरीची फोड, परसातलं माझं प्रदीर्घ वास्तव्य. शेवटी चाचांचा निकालही सांगितला, की तसा गुन्हा कोणाचाच नव्हता.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "कुठला मार? मला काही आठवत नाही. मला बाबांनी मारल्याचं आठवतं ते सायकल विहिरीत पडली तेव्हाचं. आणि कॅरमच्या वेळचं. आणि ते, पाटलांच्या पेरूंचं. हा कुठला?" अडतीस वर्षं जे कर्ज मी डोक्यावर वाहिलं, त्याचं ज्याच्याकडे खातं, त्या माणसाच्या वहीत नोंदच नव्हती! मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जरा रागच आला.

"चपलेने नव्हता मारला," आई मध्येच म्हणाली, "फूटपट्टीने. चपलेने मारलं ते पेरूंच्या वेळी."

"बरं, ते जाऊ दे," दादा म्हणाला. "वाजतंय का ते बघू." तो खाली पेटीपाशी बसला. चावी घातली आणि फिरवायला लागला. सावकाश, तोंडाने मोजत. घरात कोणी बोलत नव्हतं. वहिनी मोबाइलवर चित्र घेत होत्या. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. पंचविसाला तो थांबला. चावी तशीच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"घे," तो म्हणाला, "सव्विसावा तू दे."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने नजर चुकवली आणि सुईची डबी उघडायला लागला.

"अरे," आई म्हणाली, "तुम्ही गाणं लावणार आहात का नुसती चावीच फिरवणार आहात?"